वेलबाई छताखाली गेली

अंजारजवळच्या लाखासर गावात माझी पिठाची गिरणी आहे. गिरणीवर पत्रा आहे, स्लॅब नाही, म्हणून वेलबाई आत येऊन बसायची. स्लॅब असता तर तिनं डबा रस्त्यावरच ठेवला असता आणि तिथूनच ओरडली असती, "कस्तूर, बाजरी जाडसर काढ गं!" पंचायतीत, दवाखान्यात, दूधडेरीत ती असंच करायची. डॉक्टर तिला बाहेर कडुलिंबाखाली तपासायचे. डेरीवाला खिडकीतून हात लांब करून तिची बरणी घ्यायचा. गावाला त्याची सवय झाली होती.

तिचा नवरा खीमजी मिस्त्री म्हणजे आमच्या पंचक्रोशीतला नावाजलेला गवंडी. भूकंपानंतर त्यानं निम्मं गाव पुन्हा उभं केलं, आणि त्यात स्वतःचंही घर बांधलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओसरी, वर पक्का स्लॅब. ते घर बांधून झालं त्याला दहा वर्षं होऊन गेली होती आणि वेलबाईनं त्याचा उंबरा एकदाही ओलांडला नव्हता. अंगणात भुंगा होता, म्हणजे आमच्याकडची मातीची गोल झोपडी, वर गवताचं छप्पर. ती तिथं राहायची, तिथंच रांधायची. खीमजीभाई जेवायला भुंग्यात यायचे आणि झोपायला घरात जायचे. पोरं चेष्टा करायची, "खीमजीबापा, तुमच्या अंगणात दोन गावं आहेत, एसटी कधी सुरू करताय?" खीमजीभाई हसायचे. पण मी शेजारीण. हसून झाल्यावर त्यांचं तोंड कसं व्हायचं ते मी बघितलेलं आहे.

दोन हजार एक सालच्या जानेवारीतली ती सकाळ आमच्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. थंडी होती. वेलबाई म्हशीखाली दूध काढायला बसली होती. खीमजीभाई कामावर निघून गेले होते, त्यांची लेक दक्षा झेंडावंदनाला मैदानात गेली होती. वेलबाईची सासू मोंघीबा अंगणात उन्हाला बसली होती. त्यानंतर जे झालं त्यात मोंघीबा घराखाली गेली. दोन दिवसांनी काढली. आमच्या गावातली एकशे चार माणसं गेली, माझा दीर आणि जाऊ त्यातच. आम्ही सगळ्यांनी आपापलं रडून घेतलं आणि हळूहळू घरांत शिरलो. वेलबाई तेवढी बाहेर राहिली.

दक्षाचं लग्न झालं ते शेतात मांडव घालून. ती अंजारला नांदायला गेली. जावई परेश चांगला, दुकान आहे त्याचं. पण वेलबाई लेकीच्या घरी गेली तर गल्लीत खाट टाकून बसायची. दक्षा बाळंत झाली तेव्हा दवाखान्याच्या फाटकाशी तीन दिवस बसून राहिली. नात जन्मली ती तिनं चौथ्या दिवशी बघितली, बाहेर आणली तेव्हा. दक्षा त्यावर कधी काही बोलली नाही. पण लेकीच्या मनात अशा गोष्टी जातात कुठे?

नातीचं नाव ध्रुवी. सुट्टी लागली की लाखासरात. आजीची शेपूट. आजी शेण काढते तर ही शेण काढणार, आजी भाकरी थापते तर ही पिठात हात घालणार. झोपायची मात्र घरात, नानाजवळ म्हणजे आजोबांजवळ, कारण तिथं पंखा होता.

मी सांगते आहे ती दिवाळीची सुट्टी. ध्रुवी सहा वर्षांची होती. दुपारची वेळ, मी गिरणी बंद करून जेवायला बसले होते. एकदम जमिनीखालून मालट्रक गेल्यासारखा आवाज झाला आणि फळीवरची भांडी वाजली. चार-पाच सेकंद, बस. असे हादरे आमच्याकडे वर्षातून दोन-चारदा येतात. आम्ही घास हातात धरून थांबतो आणि मग पुन्हा जेवायला लागतो.

पण शेजारून वेलबाईची किंकाळी ऐकू आली. मी धावले. ती घराच्या ओसरीशी उभी होती, आत जाता येत नव्हतं आणि मागे हटता येत नव्हतं. "ध्रुवी! बाहेर ये! बाहेर ये गं!" पोर आत नानाच्या खाटेवर चित्रं काढत बसली होती. आजीचा आवाज ऐकून घाबरी होऊन दारात आली. वेलबाईनं तिचा दंड धरून तिला खेचलं, अंगणाच्या मधोमध नेलं आणि गदागदा हलवलं.

"पुन्हा आत जायचं नाही! समजलं? छत माणसाला खातं! खातं ते!"

पोर रडायचीसुद्धा विसरली. नुसती वर बघत राहिली, घराकडे.

खीमजीभाई मागून आले, म्हणाले, "अगं, लहान आहे ती."

"लहान आहे म्हणूनच सांगते," वेलबाई म्हणाली.

त्या दिवसापासून ध्रुवी भुंग्यात झोपायला लागली. वेलबाईला बरं वाटलं. माझ्याजवळ म्हणालीही, "शहाणी आहे माझी पोर, एकदाच सांगावं लागलं."

सुट्टी संपली. परेश येऊन मुलीला घेऊन गेला. पाच दिवसांनी, मी जोंधळे दळत होते, वेलबाई पोत्यावर बसलेली, आणि दक्षा आली. एकटी. रिक्षातून उतरली ती सरळ गिरणीत, आईसमोर.

"बा, तू काय केलंस माझ्या पोरीला?"

मी पट्टा बंद केला. गिरणी थांबायला वेळ लागतो, तोवर तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"शाळेत जात नाही ती," दक्षा म्हणाली. "फाटकापर्यंत जाते. मग जमिनीवर बसते. उचलून वर्गात नेली तर ओकली. घरात झोपत नाही, गॅलरीत झोपते. काल मला म्हणाली, मम्मी, तू पण बाहेर ये, छत खातं. कुठून शिकली हे?"

वेलबाई म्हणाली, "मी काळजीपोटी..."

"काळजी!" दक्षाचा आवाज चढला. "माझ्या लग्नाला तू घरात पाऊल टाकलं नाहीस, मी गप्प बसले. मी तिथं कळा देत होते आणि तू फाटकाशी बसली होतीस, मी गप्प बसले. म्हटलं, माझ्या बाचं दुःख मोठं आहे. पण हे तुझं दुःख तुझ्याजवळ ठेव ना बा. माझ्या लेकीला कशाला वाटा देतेस?"

मी म्हटलं, "दक्षा, पाणी पी आधी."

"मला नको पाणी, मावशी." आणि मग ती तिथंच पिठाच्या लादीवर बसली आणि रडायला लागली. वेलबाई तिच्याकडे बघत राहिली. जवळ गेली नाही. मला वाटतं, तिला आपण जवळ जावं की नाही हेच कळत नव्हतं.

पुढचे तीन दिवस वेलबाई गिरणीकडे फिरकली नाही. म्हशीचं केलं, भाकऱ्या थापल्या, बस्स. चौथ्या दिवशी सकाळी गिरणी उघडायच्या आधी माझ्या दारात उभी.

"कस्तूर, मला आत जायला शिकव."

"कुठं आत?"

"कुठंही. आधी माझ्याच घरात. मला जमलं तर मी त्या पोरीला सांगू शकेन. नाहीतर कुठल्या तोंडानं सांगू?"

मी काही शिकलेली बाई नाही. तिचा हात धरला आणि निघाले. तिच्या ओसरीच्या पायरीशी आलो तर हाताला घाम फुटला तिच्या. पायरी चढली. दारापासून दोन हातांवर थांबली. म्हटलं, "भाभी, डोळे मिटून घे, मी नेते." ती म्हणाली, "मिटले की जास्त दिसतं." आणि मागे फिरली. अंगणात जाऊन चूळ भरली.

हे असं चार दिवस. रोज पायरीपर्यंत, रोज माघारी. पाचव्या दिवशी खीमजीभाई कामाला गेलेच नाहीत. ओसरीत उभे होते. आम्हाला बघून म्हणाले, "दक्षाची बा, आत नको येऊ. इकडे ये, नुसतं बाहेरून बघ."

त्यांनी तिला घराभोवती फिरवलं. गवंडी माणूस, बोलायला लागला की कामाचंच बोलणार. "हे बघ, जोत्यावर इथं सिमेंटचा पट्टा आहे, चारी बाजूंनी, कमरेला पट्टा बांधावा तसा. दारांच्या वर दुसरा. छताखाली तिसरा. प्रत्येक कोपऱ्यात खालपासून वरपर्यंत सळई उभी आहे. घर हललं तर सगळं एकत्र हलेल. सुटं होणार नाही. हात लाव."

वेलबाईनं हात लावला नाही. भिंतीकडे बघतच म्हणाली, "तुमच्या बाला मी आत पाठवलं."

खीमजीभाई थांबले.

"उन्हाला बसली होती. मी म्हटलं, थंडी आहे, आत जा, मी दूध घेऊन येते. ती नको म्हणत होती. मी रागावले तिच्यावर. म्हटलं, खोकलात तर मलाच रात्रभर जागायला लागतं. उठली बिचारी. दाराशी वळून बघितलं तिनं माझ्याकडे. तुम्हाला कधी सांगितलं नाही मी."

मी तिथून निघून जावं असं मला वाटत होतं, पण तिनं माझा हात सोडला नव्हता.

खीमजीभाई भिंतीशी खाली बसले, उकिडवे. जमिनीवरचे खडे गोळा करायला लागले. मग म्हणाले, "त्या घरात सळई नव्हती."

"कुठल्या?"

"जुन्या. मीच बांधलं होतं ना. दगड आणि माती. मला माहीत होतं सळई घालायला हवी. लोकांच्या घरात घालायचो. आपल्या घराला म्हटलं, पुढच्या वर्षी बघू. उन्हाळ्यात गरम होतं म्हणून बा म्हणाली, तर वर मातीचा आणखी एक थर चढवला. हात-हातभर माती. ती सगळी तिच्या अंगावर आली." त्यांनी हातातले खडे टाकून दिले. "तू तिला आत पाठवलंस. पण ते छत मी घातलं होतं."

वेलबाई त्यांच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं त्याच अंगणात राहून तिनं नवऱ्याकडे असं बघितलं नसेल. मग माझा हात सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसली. मी गिरणीकडे आले. दळणं खोळंबली होती, पण त्या दिवशी माझ्या हातून एकही दळण धड झालं नाही. जोंधळ्यात बाजरी मिसळली.

त्या संध्याकाळी ती घरात गेली का? नाही. असं कुठं होतं? दुसऱ्या दिवशी गेली. दाराच्या आत एक पाऊल, दुसरं बाहेर, एक हात चौकटीला. खीमजीभाई आत खाटेवर बसून मुद्दाम वर्तमानपत्र वाचत होते, जणू बायको रोजच अशी उभी असते. तिनं पन्नासपर्यंत आकडे म्हटले आणि बाहेर आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी शंभर. आठवड्यानं तिनं आत बसून चहा घेतला. एका घोटात संपवला, जीभ भाजली. बाहेर येऊन म्हणाली, "स्वयंपाकघर काय केलंय या माणसानं! ओटा इतका उंच, मी काय उंट आहे?"

मग ती म्हणाली, "आता अंजार."

मी गिरणी नणंदेवर सोपवली आणि तिच्याबरोबर गेले. डिझेलच्या तीनचाकी छकड्यात बसून तासभर. शाळा दोन मजली, पुढे पटांगण. फाटकाच्या आत झाडाखाली ध्रुवी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. शाळेनं तिला तिथंच बसायची मुभा दिली होती. वर्गाच्या बाई, जागृतीबेन, मधूनमधून येऊन तिची वही तपासून जायच्या. दक्षा शेजारी उभी. मला बघून हसली. आईला बघून हसली नाही.

वेलबाई नातीसमोर मांडी घालून बसली.

"ध्रुवी, मी तुला खोटं सांगितलं होतं."

"काय?"

"छत खात नाही. छताला कुठं तोंड असतं? एकदा एक छत पडलं होतं, फार जुनं, कच्चं. त्यात माझी सासू गेली. तेव्हापासून मी घाबरते. घाबरलं की माणूस काहीबाही बोलतं. मी बोलले."

ध्रुवीनं विचार केला. "तू अजून घाबरतेस?"

"हो."

"आत्ता?"

"हात बघ माझा." तिनं हात पुढे केला. थरथरत होता. पोरीनं तो दोन्ही हातांत धरून बघितला, एखादा पक्षी सापडावा तसा.

"मी आत जाणार आहे," वेलबाई म्हणाली. "एकटीला भीती वाटते. येतेस?"

दोघी गेल्या. वर्ग तळमजल्यावरच होता. दाराजवळच्या बाकावर वेलबाई बसली, गुडघे बाकाच्या फळीला टेकत होते. ध्रुवी तिला चिकटून. आम्ही बाहेर खिडकीशी. पोरं पाढे म्हणायची सोडून हिच्याकडेच बघत होती. एका पोरानं विचारलं, "बेन, या आजीला पण पाढे येत नाहीत?" जागृतीबेननं त्याला दटावलं, पण वेलबाई म्हणाली, "बारापर्यंत येतात. तेरा कठीण आहे." वर्ग हसला. मला वाटलं, जिंकलो.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांनी बाक सरकवले. घर्र असा आवाज छतातून आला आणि वेलबाई उठली. बाक उलटला. ती दारातून बाहेर, ओटा उतरून, पटांगणाच्या मध्यावर. पोरीला आत टाकून पळाली ती. धापा टाकत उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं. तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

दक्षा धावली वर्गाकडे. पण मी तिचा पदर धरला, कारण ध्रुवी दारात आली होती. रडत नव्हती. वर बघितलं, मग आजीकडे बघितलं, आणि चालत पटांगणात आली.

"नानी," ती म्हणाली, "ते सातवीवाले आहेत. बाक ओढतात. रोज ओढतात. त्यांचे सर त्यांना मारतात तरी ओढतात."

वेलबाईनं तोंडावरचे हात काढले.

"काही पडत नाही," ध्रुवी म्हणाली. "मी पहिलीत होते ना, तेव्हा पण ओढायचे." मग जरा थांबून, मोठ्या माणसासारखं, "पाणी पितेस?"

तिनं आपली बाटली दिली. वेलबाईनं पाणी पिऊन घेतलं, तोंड पुसलं.

"मी तुला सोडून पळाले," ती म्हणाली.

"हो," ध्रुवी म्हणाली. "चल, माझी वही आत राहिली."

आणि तीच आजीचं बोट धरून निघाली. त्या दिवशी दोघी मधल्या सुट्टीपर्यंत आत बसल्या. वर बाक ओढले गेले की ध्रुवी आजीच्या कानात सांगायची, "सातवीवाले." दक्षा माझ्याजवळ खिडकीशी उभी होती. एकदा मला म्हणाली, "मावशी, तिला म्हणावं, जेवायला घरी चल." मी म्हटलं, "तूच म्हण." तिनंच म्हटलं. वेलबाई लेकीच्या घरात पहिल्यांदा जेवली, दाराजवळ पाट मांडून, दार उघडं ठेवून. परेशनं दुकान बंद करून दाबेल्या आणल्या, खिचडी-कढी होतीच. कढीत साखर जास्त झाली असं ती दक्षाला म्हणाली. दक्षा म्हणाली, "सात वर्षांनी घरात आलीस आणि लगेच सुरू?" आणि दोघी हसता हसता रडल्या.

पुढचे दहा-बारा दिवस वेलबाई रोज सकाळच्या छकड्यानं अंजारला जात होती. आधी बाकावर, मग वर्गाच्या दाराबाहेर, मग फाटकाशी. एक दिवस ध्रुवी म्हणाली, "नानी, उद्या नको येऊस, उद्या आमची खो-खोची मॅच आहे, सगळे बघतात." वेलबाई घरी येऊन मला हे सांगत होती आणि रागावल्याचं सोंग करत होती. "कामापुरती नानी!"

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. वेलबाई आजही भुंग्यातच झोपते. घरात दिवसा असते, स्वयंपाक आत करते, ओटा खीमजीभाईंनी चार बोटं खाली घेतला आहे. हादरा आला की अजून सगळ्यांच्या आधी अंगणात तीच असते. पण आता ओरडत नाही. बाहेर उभी राहून विचारते, "सगळे ठीक?" आणि आम्ही "ठीक" म्हटलं की आत येऊन गॅस बंद आहे का बघते.

गेल्या वर्षी तिच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया भुजला, दुसऱ्या मजल्यावर. मी आणि खीमजीभाई बरोबर होतो. जिना चढताना तिनं दोनदा थांबून श्वास घेतला. तिला चाकाच्या खाटेवर झोपवून आत नेत होते, तर तिनं डॉक्टरांचा अंगरखा धरला.

"साहेब, ही इमारत कुणी बांधली?"

डॉक्टर तरुण होते, गोंधळले. म्हणाले, "माहीत नाही, बा. का?"

तिनं मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. खीमजीभाईंनी वर छत बघितलं, खांब बघितले, जवळच्या खांबावर दोनदा बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं.

"बरी आहे," ते म्हणाले. "जा."

तिनं अंगरखा सोडला. दार बंद झालं. खीमजीभाई बाकावर बसले आणि मी खाली जाऊन तिघांसाठी चहा सांगून आले, तिचा झाकून ठेवायला.